समुद्र पाहिला, पण रंगवला नाही: गायतोंडे यांचं अमूर्त चित्र कसं घडायचं

मुंबईत वॉर्डन रोडला, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई रोडला, समुद्राच्या अगदी कडेला भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. पन्नास-साठच्या दशकांत तिथे एकाच आवारात नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या नाटकांच्या तालमी चालत, रविशंकरांची संगीतशाळा भरे आणि चित्रकारांना काम करायला खोल्या मिळत. त्यातल्या एका खोलीत वासुदेव संतू गायतोंडे काम करायचे. त्यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते: हा माणूस समुद्राकडे बघत तासन् तास बसून राहायचा. आणि तरीही त्यांच्या त्या काळानंतरच्या चित्रांत लाट नाही, होडी नाही, किनाऱ्यावरचं माडाचं झाड नाही.

मग तो इतका वेळ पाहिलेला समुद्र गेला कुठे?

अमूर्त चित्रकला समजून घ्यायला मला हा प्रश्न सगळ्यात सोयीचा वाटतो. अमूर्त चित्र म्हणजे मनात येईल तसे रंग फासणं, असा एक समज आहे. दुसरा समज असा की चित्रकाराने चित्रात काहीतरी लपवलेलं असतं आणि ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे. दोन्ही समजांमुळे माणूस चित्रासमोर अवघडतो. गायतोंडे यांनी प्रत्यक्षात काय काय केलं, हाताने आणि डोळ्याने, हे नीट पाहिलं तर हे अवघडलेपण बरंचसं सुटतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: त्यांनी निसर्गाचं रूप घेतलं नाही, निसर्गाची काम करण्याची रीत घेतली. ती कशी, हे सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

झाडापासून निघालेली वाट आणि दुसरी वाट

निसर्गाकडून अमूर्ताकडे जायची एक वाट सरळ आहे आणि ती पीट मोंद्रियान या डच चित्रकारात स्वच्छ दिसते. त्याने आधी झाडं रंगवली, ओळखू येतील अशी. मग 1911 च्या सुमाराला त्याच झाडाच्या फांद्या करड्या रंगातल्या कमानी होऊ लागल्या. वर्षभरात खोड आणि फांदी यांतला फरक मिटला, राहिलं ते रेषांचं जाळं. पुढे हॉलंडच्या किनाऱ्यावर डोम्बुर्ग या गावी त्याने समुद्र आणि समुद्रात शिरलेला धक्का पाहिला, आणि 1914-15 मध्ये त्याचं जे केलं ते म्हणजे नुसत्या आडव्या-उभ्या छोट्या रेघा. लाटांची चमक आडव्या रेघांत, धक्क्याची ओढ उभ्या रेघांत. इथे तुम्ही चित्रं ओळीने मांडलीत तर झाड किंवा समुद्र पायरीपायरीने गळत जाताना दिसतो. ही गाळून घेण्याची वाट.

आपल्याकडे सय्यद हैदर रझा यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांचा जन्म 1922 चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. वडील जंगलखात्यात. रात्रीच्या जंगलाची भीती आणि सकाळचा दिलासा या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात आयुष्यभर राहिल्या. नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते 1950 मध्ये फ्रान्सला गेले, तिथेच साठ वर्षं राहिले, आणि तिथे बसून त्यांना मंडल्याचं जंगल आठवत राहिलं. शाळेत असताना मास्तरांनी मन एकाग्र करण्यासाठी भिंतीवर काढून दिलेला एक ठिपका पुढे त्यांचा प्रसिद्ध ‘बिंदू’ झाला. रझांच्या चित्रात निसर्ग आठवणीतून येतो आणि खूण होऊन बसतो: बिंदू, त्रिकोण, पंचमहाभूतांचे रंग.

गायतोंडे या दोन्ही वाटांनी गेले नाहीत. आपलं चित्र कुठल्याही वस्तूवरून काढलेलं नाही, असं ते ठामपणे सांगत. झाड घ्या, गाळा, रेषा उरवा, हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांच्याकडे सुरुवातीलाच वस्तू नसते. पण डोळा असतो, आणि तो डोळा वर्षानुवर्षं एका विशिष्ट पद्धतीने तयार झालेला असतो.

आकृत्या पुसून पाहणं

गायतोंडे यांचा जन्म 1924 मध्ये नागपूरला झाला. घराणं मूळचं गोव्याचं, वाढले मुंबईत गिरगावच्या चाळीत. 1948 मध्ये जे. जे. तून पदविका घेतली. त्या काळी जे. जे. त भारतीय लघुचित्रांचा, जैन पोथ्यांतल्या चित्रांचा अभ्यास होई, आणि तरुण गायतोंडे यांची सुरुवातीची चित्रं त्याच वळणाची आहेत: सपाट रंग, कडेला ठसठशीत रेषा, मोठ्या डोळ्यांच्या बायका.

या लघुचित्रांकडे ते कसं बघत, हे त्यांनी नंतर सांगितलं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. ते मनातल्या मनात चित्रातली माणसं काढून टाकत आणि उरलेल्या रंगांचं एकमेकांशी प्रमाण बघत. हा प्रयोग तुम्हीही करू शकता. एखादं बसोली शैलीचं, म्हणजे भडक रंगांचं पहाडी लघुचित्र घ्या. राधा नाही, कृष्ण नाही, फक्त पिवळ्याचा मोठा तुकडा, त्याच्या पोटात गडद लालाचा छोटा तुकडा आणि वर निळ्याची बारीक पट्टी. चित्र तरीही उभं राहतं. किंबहुना इतकी वर्षं ते कशाच्या जोरावर उभं होतं, ते तेव्हा कळतं. मग पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचं काम त्यांच्या मनात भरलं. क्लेची रेषा एखाद्या वस्तूला कुंपण घालत नाही, ती स्वतःच फिरायला निघते. गायतोंडे यांच्या चित्रांत आकृत्या हळूहळू विरल्या, रेषा मोकळी झाली आणि दशक संपता संपता दोन्ही गेल्या. उरला रंग, आणि त्या रंगातून येणारा उजेड.

असा तयार झालेला डोळा जेव्हा समुद्राकडे बघतो तेव्हा त्याला काय दिसत असेल? मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर जूनच्या मध्यानंतर उभं राहिलात तर कल्पना येईल. पाऊस लागला की क्षितिजाची रेघ नाहीशी होते. पाणी राखाडी, आभाळ राखाडी, पण दोन राखाडी एक नसतात. कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते सांगता येत नाही, तरी वर-खाली हा फरक डोळ्याला कळतोच. मधूनच ढगाआडचा उजेड पाण्याच्या एका पट्ट्यावर उतरतो, आणि उजेडाचा उगम मात्र दिसत नाही. खोली जाणवते, पण ती मोजायला जवळ-लांब असं काही समोर नसतं.

आता साठच्या दशकातलं गायतोंडे यांचं चित्र आठवा. बरीच चित्रं आडवी आहेत. मध्ये कुठेतरी एक पट्टा, तोही सलग नाही, जाड रंगाच्या तुकड्यांचा. वर-खाली पसरलेला एकाच रंगाचा विस्तार, त्यात सूक्ष्म चढउतार. सावली कुठेच नाही, त्यामुळे उजेड कुठून येतोय हे कळत नाही. हा समुद्र आहे का? मला विचाराल तर नाही, आणि तो शोधूही नये. पण समुद्राकडे बघताना डोळ्याला ज्या अडचणी येतात, ज्या गोष्टी ठरवता येत नाहीत, त्या जशाच्या तशा इथे आहेत. बघण्याचा अनुभव आला, बघितलेली वस्तू आली नाही. साठचं दशक सरताना त्यांनी कॅनव्हास उभा केला आणि तो आडवा पट्टा निसटता झाला, तेव्हा तर निसर्गदृश्याचा उरलासुरला भासही मोडला.

रोलर, सुरी आणि जवसाचं तेल

इथपर्यंत डोळ्याचं झालं. पण मघाशी मी निसर्गाची काम करण्याची रीत म्हटलं, ती हातात दिसते.

साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून गायतोंडे यांनी ब्रश जवळपास बाजूला ठेवला. त्यांची हत्यारं दोन: रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायची लवचीक पात्याची सुरी. ब्रशच्या फटकाऱ्यात चित्रकाराचं मनगट दिसतं, त्याचा आवेग दिसतो. रोलरने लावलेल्या रंगात हात दिसत नाही. रंग कॅनव्हासच्या विणीवर कुठे धरतो, कुठे सुटतो, आणि ते काही अंशी रोलरवर किती रंग आहे, तो किती पातळ आहे, दाब किती, यावर ठरतं. म्हणजे चित्रकार परिस्थिती तयार करतो आणि काही गोष्टी घडू देतो.

मग येतात थर. इथे तैलरंगाचं थोडं शास्त्र समजून घ्यायला हवं, कारण सगळी गंमत त्यात आहे. तैलरंग म्हणजे रंगाची पूड आणि जवसाचं तेल. आपण म्हणतो ‘रंग वाळला’, पण तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा चिवट पापुद्रा बनतो. पातळ थर हाताला न लागण्याइतका वाळायला काही दिवस लागतात. जाड थर आतून महिनोन् महिने ओला राहतो. घाई करून ओल्यावर जाड थर चढवला तर वरचा पापुद्रा आधी आवळतो आणि भेगा पडतात. त्यामुळे थरांवर थर चढवणाऱ्या चित्रकाराला थांबण्यावाचून इलाज नसतो, ते त्याच्या स्वभावात असो वा नसो.

थर पातळ आणि पारदर्शक असेल तर आणखी एक गोष्ट घडते. प्रकाश वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या उजळ थरावर आपटून परत फिरतो आणि येताना पुन्हा वरच्या रंगातून गाळला जातो. म्हणजे आपल्या डोळ्याला लागणारा उजेड त्या रंगातून दोनदा प्रवास करून आलेला असतो. म्हणून असा रंग पृष्ठभागावर बसलेला वाटत नाही, आतून पेटल्यासारखा वाटतो. उथळ स्वच्छ पाण्याखालची वाळू उजळ दिसते आणि पाणी खोल होत जातं तसा रंग गडद होत जातो, त्यातही प्रकाश असाच पाण्यातून आत जाऊन परत येत असतो. गायतोंडे यांचं पिवळं किंवा हिरवं चित्र आतून उजळल्यासारखं का दिसतं, याचं उत्तर गूढात शोधण्याआधी या थरांत शोधावं. मग गूढ उरलं तर ते खरं.

थर चढवले की ते काढायचेही. ओला रंग सुरीने खरवडला की खालचा उघडा पडतो. याखेरीज त्यांची एक खास युक्ती होती. वर्तमानपत्राचे, मासिकांचे कागद फाडून त्यांचे तुकडे ते वापरत. तुकडा रंगात दाबायचा, उचलायचा. काही रंग कागदाबरोबर निघून येतो, काही मागे राहतो, आणि फाटलेल्या कडेचा एक ठसा उमटतो. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत मध्यभागी किंवा वर-खाली जी अक्षरांसारखी, पण कुठल्याच लिपीत नसलेली चिन्हं तरंगताना दिसतात, ती घडायला ही पद्धत कामी आली. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांच्या कडा कुठे धारदार, कुठे विरलेल्या असतात. कात्रीने कापलेला आकार असा येत नाही आणि ब्रशने काढलेला तर नाहीच.

चढणं, वाळणं, झिजणं, निघून जाणं, मागे काहीतरी राहणं. पावसाळ्यामागून पावसाळे खाल्लेली भिंत अशीच घडते, ओहोटीनंतरची वाळूही. गायतोंडे यांनी भिंत किंवा वाळू पाहून तिची नक्कल केली, असं मी म्हणत नाही. निसर्ग ज्या क्रियांनी पृष्ठभाग घडवतो त्याच क्रिया त्यांनी कॅनव्हासवर चालवल्या, म्हणून आपल्याला त्यांचं चित्र अनोळखी असूनही परकं वाटत नाही.

निसर्ग रंगाच्या ट्यूबमध्येही असतो, हे आपण विसरतो. चित्रकाराच्या पेटीतले कितीतरी जुने रंग म्हणजे सरळ माती आहे. पिवडी आणि गेरू ही आपल्या ओळखीची नावं. पिवळ्या मातीतला रंग लोहाच्या अशा ऑक्साइडचा असतो ज्यात पाण्याचा अंश बांधलेला आहे. ती भाजली की पाणी निघून जातं आणि माती लाल होते. कोकणातला जांभा दगड लाल दिसतो तोही लोहाच्या ऑक्साइडमुळेच. पिवळ्यापासून तांबड्यापर्यंतचे हे मातीचे रंग एकमेकांशेजारी ठेवले तर सहसा भांडत नाहीत, याचं एक कारण ते मुळात एकाच कुळातले आहेत.

वाट बघण्याचं काम

गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. बाकीचा वेळ काय करत? बसत, विचार करत, संगीत ऐकत, पुस्तकं वाचत. हे आळशीपणाचं लक्षण वाटू शकतं. पण जरा त्या प्रक्रियेकडे बघा: रोलर फिरवला, रंग खरवडला, कागद उचलला, की ते एकदाच होतं. ब्रशच्या कामात चूक झाली तर हळूहळू दुरुस्त करता येते. इथे निर्णय आधी पिकलेला असावा लागतो आणि हात चालला की चालला. चित्र मनात मुरू द्यायला वेळ, आणि थर वाळायलाही वेळ.

पन्नासचं दशक संपताना त्यांच्या वाचनात झेन, म्हणजे ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ, आलं, आणि ते कायमचं राहिलं. रमण महर्षी, कृष्णमूर्ती यांच्याबरोबर गिरगावाजवळच्या खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज हेही त्यांच्या मनाजवळचे. सगळं मौनातून सुरू होतं, अशा अर्थाचं ते बोलत. अध्यात्माचं नाव निघालं की चित्रांवर धूप-उदबत्तीचा धूर चढवण्याची आपल्याला सवय आहे, आणि मला ती सवय आवडत नाही. गायतोंडे यांच्या बाबतीत मौन ही कामाची अट होती. डोक्यात आवाज चालू असेल तर दोन राखाडींमधला फरक दिसत नाही, इतकी ती साधी आणि कठोर अट आहे.

1964 मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. 1972 मध्ये मुंबई सोडून दिल्लीला निजामुद्दीनमध्ये गच्चीवरच्या बरसातीत राहायला गेले आणि समुद्र मागे राहिला. चित्रं मात्र थांबली नाहीत, उलट सत्तरचं दशक हा त्यांचा सगळ्यात भरघोस काळ मानला जातो. म्हणजे समोर समुद्र असण्याची गरज नव्हती. जे घ्यायचं ते घेऊन झालं होतं.

भुलाभाई इन्स्टिट्यूटच्या त्याच आवारात नसरीन मोहम्मदी ही त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान चित्रकार होती, आणि गायतोंडे यांच्या कामाचा आणि सहवासाचा तिच्यावर खोल परिणाम झाला. पण तिने त्याच समुद्राकडून काहीतरी वेगळंच घेतलं. ती पुढे बडोद्याला शिकवायची. अलिबागजवळ किहीमला तिच्या कुटुंबाचं घर होतं आणि तिथेच 1990 मध्ये तिचं निधन झालं. तिची उत्तरकाळातली चित्रं म्हणजे कागदावर शाई आणि पेन्सिलने, आराखडे काढायच्या अवजारांनी ओढलेल्या कमालीच्या बारीक रेघा. रंग नाही, थर नाही. ती फोटोही काढायची: वाळूवर पाण्याने ओढलेल्या ओळी, रस्त्यावरचे पट्टे, मागावरचे ताणलेले धागे. हे फोटो तिने हयातीत प्रदर्शनात लावले नाहीत, पण ते पाहिले की तिची रेघ कुठून शिकून आली ते कळतं. एकाच समुद्रावरून एकाने उजेड आणला आणि दुसरीने लय. अमूर्त चित्रं सगळी सारखीच, असं म्हणणाऱ्याला मी या दोघांची चित्रं शेजारी शेजारी दाखवीन.

1984 मध्ये गायतोंडे यांना अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहून रोलर चालवणं काही वर्षं जमेना. या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली. काळ्या फटकाऱ्यांची, पांढरी जागा खूप सोडलेली. रंग नाही, थर नाहीत, तरी हात तोच आहे हे लगेच ओळखू येतं, कारण जागा कुठे मोकळी ठेवायची याचा निर्णय तोच आहे. नंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले आणि नव्वदच्या दशकात काम करत राहिले. 2001 मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा चित्रकलेच्या वर्तुळाबाहेर फारसं कोणाला कळलंही नाही. डिसेंबर 2013 मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं 1979 चं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं, तेव्हा नाव घरोघरी पोचलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

ही चित्रं मोबाइलवर पाहून काही कळत नाही, हे मात्र आधीच सांगतो. पातळ थरांमधला फरक पडद्यावर सपाट होतो आणि राहतो तो नुसता पिवळा चौकोन. प्रत्यक्ष पाहाल तेव्हा आधी चार-पाच पावलं मागे उभे राहा आणि दोन-तीन मिनिटं हलू नका. डोळ्याला सूक्ष्म छटा वेगळ्या करायला वेळ लागतो. सुरुवातीला एकच रंग वाटणाऱ्या जागेत हळूहळू तीन-चार रंग सुटे होतात. मग एकदम जवळ जा, कडांकडे पाहा, कुठे रंग उचलला गेलाय आणि कुठे चढलाय ते शोधा. मग पुन्हा मागे या. शेजारच्या पाटीवर बहुतेक वेळा ‘शीर्षकरहित’ असंच लिहिलेलं असेल, त्यामुळे तिच्याकडून मदतीची अपेक्षा नको. मुंबईत फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रसंग्राहक जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे यांची चित्रं आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही आहेत. त्या संग्रहाची सुरुवात होमी भाभांनी केली. संग्रहातली चित्रं आलटूनपालटून लावली जातात आणि संशोधन संस्थेत सरळ आत जाता येत नाही, तेव्हा दोन्हीकडे आधी फोन करून विचारा आणि मगच निघा.